ओमाला चालणारा केक

ओमा त्रूदेच्या पित्ताशयात खडे निघाले आणि माझ्या दुकानातला लोण्याचा खप एकदम खाली आला. थट्टा नाही करत. आमच्या पुएर्तो ओक्ताय गावात चढावरच्या त्या पिवळ्या लाकडी घरात जेवढं लोणी आणि साय जायची, तेवढी तळ्याकाठच्या हॉटेलातसुद्धा जात नसेल. ओमा तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, म्हणून ओसोर्नो शहरातल्या डॉक्टरनं तिचं खाणंच आवरलं. लोणी बंद, साय बंद, डुकराचं बंद, तळलेलं बंद.

"मग राहिलं काय? तुझं तोंड बघून पोट भरू?" ओमा त्याला म्हणाली.

डॉक्टर हसला. ओमाची चाकाची खुर्ची धरून मागे उभी असलेली ओतिलिया हसली नाही. घरी गेल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर तिलाच द्यायचं होतं.

ओतिलिया तिची सून. आम्ही तिला ओती म्हणतो. आणि ओमा म्हणजे आजी, पण तिला स्वतःचं नातवंड एकही नाही. गावातली जर्मन घरं म्हणायची म्हणून आम्ही बाकीचेही म्हणायला लागलो, इतकंच. ओती आमच्यातली, समुद्राकडची, काल्बुकोच्या मासेमारांची पोर. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा ओमानं तिला म्हणे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मासे तुझे, केक माझा. माझ्या भट्टीला हात लावायचा नाही." पुढे ओमाचं खुब्याचं हाड मोडलं, ती खुर्चीला खिळली आणि भट्टी आपोआपच ओतीकडे आली.

रविवारी दुपारी चहाबरोबर चीजकेक, हा त्या घरातला नेम होता. भूकंपात चुकला नाही, तो डॉक्टरच्या सांगण्यावरून कसा चुकेल? ओतीनं हलका केक करून बघायचा ठरवला. पहिला रबरासारखा झाला. दुसरा मधोमध खचला, ओल्या टॉवेलासारखा. ओमा एक घास घ्यायची आणि ताटली पुढे सारायची.

"ओती, अंगाचा साबण मला चहाबरोबर देतेस होय?"

"डॉक्टरनं सांगितलंय, ओमा."

"डॉक्टरला दे मग."

त्या हिवाळ्यात माझ्या दुकानातून दर आठवड्याला ताजं चीज जायचं आणि दर सोमवारी ओतीच्या कोंबड्या केक खायच्या. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा जमलं. चीज रात्रभर फडक्यात टांगून त्यातलं सगळं पाणी काढायचं, चक्क्यासारखं घट्ट करायचं. सायीऐवजी मलई काढलेल्या दुधाचं दही, घट्टपणाला चमचाभर कॉर्नफ्लॉवर. तळाला लोण्याच्या पिठाऐवजी भाजलेले ओट्स, किसलेल्या सफरचंदात बांधलेले. अंड्यांचं पांढरं वेगळं फेटून अगदी शेवटी मिसळायचं. आणि वरती पाकातली फळं नाहीत, झाडावरून आणलेली, न शिजवलेली, ताजी. चमचा टोचला की तो केक थोडा थरथरायचा. ओमानं तो निमूट खाल्ला आणि रिकामी ताटली परत पुढे केली. तोंडानं कौतुक करायची तिची रीत नव्हती. ओती मला दुसऱ्या दिवशी हे सांगायला आली, तेव्हा दुकानातल्या बटाट्याच्या पोत्यावर बसली आणि सांगता सांगता तिचा डोळा लागला. मी गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावलं.

ती दमलेली होती. एखाद्या दिवसाचं दमणं नव्हतं ते. ओमाला उठवायचं, बसवायचं, धुवायचं, सरपण फोडायचं, चूल विझू द्यायची नाही, रात्री घंटी वाजली की उठायचं. ओमाच्या उशाशी पितळेची घंटी असायची, पूर्वी वासराच्या गळ्यात असायची तीच. त्या घंटीनं ओतीची झोप पार खाऊन टाकली होती.

आता एगोनचं सांगते. एगोन ओमाचा एकुलता एक मुलगा, ओतीचा नवरा. डेअरीचा दुधाचा टँकर चालवायचा. देखणा, गोड बोलणारा, आणि जेवलेलं ताटसुद्धा स्वतः न उचलणारा. गावात एक बाई आली, बायकांचे केस कापायचं दुकान टाकून वर्षभर राहिली, आणि जाताना एगोनला घेऊन गेली. पार पुंता अरेनासला, जमीन संपते तिकडे. कागदोपत्री तो आणि ओती नवरा-बायकोच राहिले. घटस्फोट घ्यायलाही कुणाला तरी उठून कचेरीत जावं लागतं, आणि ओतीला ओमाला एकटं सोडून कुठे जाता येत नव्हतं.

लोक विचारायचे, तू का थांबलीस म्हणून. ती म्हणायची, "थांबले कुठे? जायला जमलं नाही." एगोन गेला त्याच महिन्यात ओमा पडली. हाड जुळेस्तोवर थांबू म्हणाली. हाड नीट जुळलंच नाही.

ओमाची नव्वदी जानेवारीच्या शेवटी होती. त्याच्या आधी काही दिवस एगोनचा फोन आला, आईच्या वाढदिवसाला येतो म्हणून. ओमा रडली, मग तिनं ओतीला आपला निळा झगा इस्त्री करायला सांगितला. मी ओतीला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"आणखी एका माणसाचं जेवण," ती म्हणाली.

तो बसमधून उतरला तेव्हा मी दुकानाच्या दारात गोमाश्या हाकलत उभी होते. जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, आमच्याकडे त्या काळ्या गोमाश्या माणसाला जगू देत नाहीत. एगोनचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, चालताना एका पायावर भार देत होता. आणि त्याच्याजवळ दोन मोठ्या बॅगा होत्या, वर एक टीव्हीचं खोकं. वाढदिवसाला येणारा माणूस टीव्ही घेऊन येत नाही. त्याला घ्यायला ओती आली होती. तिनं त्या खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. एक बॅग उचलून चढ चढायला लागली.

तीन-चार दिवस तो घरात पाहुण्यासारखा बसला. ओमाजवळ बसून जुन्या गोष्टी करायचा, तिचा हात हातात घ्यायचा. ओमा हसायची, तिच्या गालांवर रंग आला होता. घंटी वाजली की मात्र तो हाक मारायचा, "ओती, आईला काहीतरी हवंय!" त्याचे शर्ट धुण्यात पडायला लागले. एकदा म्हणाला, सूप थोडं खारट झालंय का गं?

मग एका दुपारी ओती लाकडं फोडत होती तिथे तो गेला. हे मला ओतीनंच सांगितलं.

"तिकडचं संपलं," तो म्हणाला. "तिच्या मुलानं घर काढलं विकायला. मला म्हणाला, काका, तुम्ही तुमचं बघा."

"बरं," ओती म्हणाली.

"मी म्हटलं, आता इथंच राहावं. आईही म्हातारी झाली. तुझी हरकत नसेल तर."

"रहा."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मला माहीत होतं. तू मनानं मोठी आहेस, ओती." आणि तो आत गेला. लाकडं तशीच पडली होती. ओती म्हणाली, त्या ढिगाकडे बघत ती कितीतरी वेळ उभी राहिली, आणि आपल्या मनात राग शोधत राहिली. सापडला नाही. जिथे राग असायचा तिथे नुसती झोप होती.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी माझ्या कुंपणावरच्या रासबेरींची बादली घेऊन तिच्या मागच्या दारानं आत गेले. केकवर घालायला ती माझ्याकडूनच नेते. बघते तर ओती खुर्चीत बसलेली. मी दचकलेच. त्या स्वयंपाकघरात ती बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"ये नेल्दा. तूही बस," ती म्हणाली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, "एगोन! इकडे ये. हात धू."

एगोन दारात आला. "काय, जेवायचं झालं?"

"नाही. केक करायचाय."

"मग कर की."

"तुला करायचाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलीन म्हणून. मी रासबेरी निवडायला लागले.

"मी? अगं, मी उभ्या जन्मात अंडं उकडलं नाही."

"म्हणून तर हात धू म्हटलं. साबणानं धू."

त्याला वाटलं खेळ आहे. बाह्या सारल्या, कमरेला फडकं बांधलं, मला डोळा मारला. टांगलेलं चीज त्यानं वाडग्यात काढलं. ओती जागची हलली नाही. ती सांगत होती, तो करत होता. पहिलंच अंडं त्यानं असं आपटलं की कवचासकट सगळं हातात आलं.

"बलक वेगळा, पांढरं वेगळं. पांढऱ्यात बलकाचा थेंब पडला तर फेस धरत नाही."

"पडला."

"मग ते बाजूला ठेव. संध्याकाळी तुला आमलेट होईल. दुसरं घे."

त्याची बरीच आमलेटं जमली. शेवटी कसंबसं पांढरं वेगळं झालं आणि तो फेटायला बसला. घरात विजेचं बीटर नव्हतं. ओमाला त्याचा आवाज सोसत नसे. त्यामुळे तारेच्या फेटणीनं, हातानं. थोड्याच वेळात आतून ओमाची हाक आली.

"ओती! कोण फेटतंय? हा तुझा हात नाही!"

"एगोन फेटतोय, ओमा."

"कोण?"

"तुमचा मुलगा."

आतून, "मेल्याला सांग, भांडं माझ्या आईचं आहे, फोडू नकोस म्हणावं."

एगोन हसला, पण त्याला दम लागला होता. "हात गेला माझा, ओती. किती वेळ?"

"भांडं उलटं केलं तरी सांडणार नाही, तोवर."

"करून बघू उलटं?"

"तुझ्यावर तुझा विश्वास असेल तर कर."

त्यानं वाडग्यात बघितलं आणि पुन्हा फेटायला लागला. दुसऱ्या हातानं. मग पुन्हा पहिल्या. कपाळावरून घाम गळत होता, एक गोमाशी त्याच्या मानेवर बसली होती आणि त्याला हात मोकळा नव्हता. मी उठून ती मारली.

"आता हे चिजात घाल. एकदम नको. आणि ढवळू नकोस! खालून वर घे, हळूच. झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करतात तसं." ओती पुढे वाकली होती, पण उठली नाही. "यातली हवा गेली की सगळं गेलं. लोणी नाही, साय नाही, या केकात दुसरं आहे काय?"

त्यानं खरोखर हळू केलं. ते मिश्रण साच्यात ओतलं, लिंबाची साल विसरला होता ती वरून किसली, आणि साचा भट्टीत सरकवून दार लावलं. मग एखाद्या पोरासारखा ओतीकडे बघत उभा राहिला.

"आता?"

"आता लाकूड घालायचं नाही. आहे त्या निखाऱ्यावर होऊ दे. दार उघडून डोकवायचं नाही. वास आला की दार बोटभर उघडं ठेवायचं आणि तसंच आत निवू द्यायचं. घाईनं बाहेर काढलास तर फाटेल. फळं अगदी गार झाल्यावर. गरमावर ठेवलीस तर पाणी सोडतात."

"बापरे. एवढं सगळं लक्षात ठेवून काय करू? उद्या वाढदिवस झाला की..."

"उद्याचं नाही," ओती म्हणाली. "दर रविवारचं आहे. ओमाला हाच केक चालतो. दुसरा खाल्ला तर रात्रभर पोट धरून ओरडते. परवा मी जातेय."

"कुठे?"

"काल्बुकोला. उबेर्लिंदाकडे." उबेर्लिंदा तिची धाकटी बहीण, तिच्या घरापाठीच समुद्र.

"किती दिवसांसाठी?"

"माहीत नाही."

तो हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू बंद पडलं, कारण मी हसत नव्हते. मलाही ते तेव्हाच कळलं होतं.

"पण तूच म्हणालीस ना, रहा म्हणून?"

"हो. तू राहतोस म्हणालास, मी रहा म्हणाले. मी राहते असं कुठे म्हणाले?"

"अगं, मला काय येतंय? तिला उचलायचं, तिची अंघोळ... ती माझी आई आहे, ओती, मी पुरुषमाणूस..."

"माझी तर ती आईपण नव्हती. आणि मलाही काही येत नव्हतं."

एगोननं कमरेचं फडकं सोडून टेबलावर टाकलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "समजलो मी. सूड घेतेस. इतकी वर्षं मनात धरून ठेवलंस आणि आता सूड घेतेस."

"सूड?" ओतीनं डोळे मिटले आणि मान खुर्चीच्या पाठीला टेकवली. "एगोन, सूड घ्यायला अंगात जोर लागतो."

चुलीतला एक निखारा फुटला. आतून ओमाची घंटी वाजली. ओतीचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले, ती अर्धी उठली, आणि परत बसली. घंटी पुन्हा वाजली. एगोन उभा होता. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा तो आत गेला.

ओमाला भिंतीआडून सगळं ऐकू आलं होतं. संध्याकाळी ओती तिचे केस विंचरायला बसली, तेव्हा ओमा म्हणाली, "चाललीस म्हणे."

"हो, ओमा. दमले मी."

"दमणारच. मीपण दमलेय, पण मला जायला पाय नाहीत." ओती विंचरत राहिली. ओमा म्हणाली, "तुझ्या जागी मी असते ना, तर तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले असते. तू राहिलीस तेव्हा मला वाटलं, काय मूर्ख पोर आहे. मग मला तुझी सवय झाली."

"मलाही झाली."

"त्याच्या हातचा केक कसा झालाय?"

"फाटलाय मधे."

"फाटणारच. रडू नकोस, केस ओढले जातात माझे."

हे सांगताना ओती मला म्हणाली की ती रडत नव्हती, कंगवा गुंत्यात अडकला होता फक्त.

वाढदिवसाला आम्ही शेजारपाजारचे आठ-दहा जण होतो. अग्निशमन दलातले दोन म्हातारे, पाद्रीबाबा, डेअरीतला एगोनचा जुना सोबती. केक मधोमध फाटलेला होता, पण एगोननं त्यावर रासबेरी आणि स्ट्रॉबेरी अशा काही रचल्या होत्या की फट दिसत नव्हती. फळं मात्र आदल्या दिवशी केक गरम असतानाच ठेवली होती. लाल पाणी ताटलीत उतरत होतं. ओमानं निळा झगा घातला होता. तिनं एक घास घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते, एगोन तर श्वास रोखून.

"ओला आहे," ओमा म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओतीची बस होती. मी दुकान उघडं टाकून तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेले. तिची बॅग लहानशी होती. इतक्या वर्षांचं सामान एवढंच कसं, असं माझ्या मनात आलं. घरातून एगोनचा आवाज येत होता, "आई, जरा पाय उचल, अगं दुसरा, दुसरा!" आणि ओमा जर्मनमध्ये शिव्या घालत होती. चिडली की ती जर्मनवर यायची. ओती थांब्यावर पाठमोरी उभी राहिली, चढाकडे तोंड केलं नाही तिनं.

"वळून बघितलं तर जाईन परत," ती म्हणाली.

"मग बघू नकोस."

बस आली, ती चढली.

पुढचं मला उबेर्लिंदानं फोनवर सांगितलं. ओती पोचली त्या दिवशी जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली, थोडं सूप प्यायली आणि परत झोपली. आठवडाभर असंच. उबेर्लिंदाचा नवरा घाबरला, डॉक्टरला बोलवायचं का म्हणाला. उबेर्लिंदा म्हणाली, तिला उठवलंस तर बघ. नंतर नंतर ओती रात्री दचकून उठायची, अनवाणी दारापर्यंत जायची. घंटी वाजली असं वाटायचं तिला. बाहेर नुसता समुद्र असायचा.

इकडे एगोननं पहिल्या आठवड्यात हात टेकले. माझ्या दुकानात आला आणि काउंटरवर कोपरं टेकवून उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टावर सुपाचा डाग.

"नेल्दा, तिला फोन करून सांग, आई तिची आठवण काढते म्हणून."

"काढते का?"

"हो. आणि मला शिव्या घालते."

"तू गेलास तेव्हा तुझीही आठवण काढायचीच की ती. आणि शिव्याही घालायची, ऐकायला तू नव्हतास."

तो ताजं चीज आणि दही घेऊन निघाला. दारातून परत वळला. "कॉर्नफ्लॉवर केव्हा घालायचं, आधी की नंतर?"

"चिजात, आधी," मी सांगितलं. "पांढरं घालायच्या आधी."

त्यानं पळून जायला दोन वेळा बॅग भरली, हे मला माहीत आहे. एकदा तर थांब्यापर्यंत आलाही, बस आली, गेली, तो चढला नाही. बाकावर बसून राहिला, मग उठून चढावर गेला. का चढला नाही ते त्यानं सांगितलं नाही. फार मोठं मन वगैरे झालं असेल असं मला वाटत नाही. त्याला जायला दुसरी जागा नव्हती, आणि घरी एक म्हातारी घंटी वाजवत होती. तळ्याच्या बाजूनं सकाळी एक बाई कामाला यायला लागली, ओमाला उचलायला, धुवायला. रात्री मात्र तोच उठायचा. त्याच्या डोळ्यांखाली ओतीसारखी काळी वर्तुळं आली. रविवारचा केक तो करायचा. कोंबड्यांनी बरेच खाल्ले.

मार्चच्या अखेरीस, उन्हाळा उतरून हवेत गारवा आला तेव्हा ओती एका रविवारी आली. आधी माझ्याकडे आली. गाल जरा भरले होते, पण चालणं तेच, एकेक पाऊल मोजल्यासारखं. आम्ही दोघी चढ चढून गेलो. येताना तिनं उबेर्लिंदाच्या परसातल्या मुर्ता आणल्या होत्या, छोटी लाल फळं, वास असा की बस भरून गेली असेल.

ओमा खुर्चीत होती. तिनं ओतीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जाड झालीस."

"झोपते, ओमा."

"इकडे वाकव डोकं." ओतीनं वाकवलं, आणि ओमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

एगोननं केक आणला. या वेळी फाटला नव्हता, कडेला फक्त जरा करपला होता. फळं ठेवलेली नव्हती. "गार होतोय," तो म्हणाला, जसं काही तो हे जन्मभर म्हणत आलाय. आम्ही वाट बघितली. मग ओतीनं मुर्ता दिल्या आणि त्यानं त्या वर पसरल्या. त्याचे हात खरबरीत झाले होते, बोटाला भाजल्याचा डाग होता.

केक चांगला होता. ओतीच्या हातच्याएवढा नाही, पण चांगला. ओमानं ताटली परत पुढे केली, आणि मी बघितलं, एगोन तिच्याकडे न बघता तिला दुसरा तुकडा वाढत होता, सवय झालेल्या माणसासारखा.

चहा झाल्यावर ओती भांडी धुवायला उठली. एगोन तिच्या मागे गेला. मी टेबल पुसत होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"परत ये, ओती. आता मला सगळं येतं. दोघं मिळून करू. तुला पहिल्यासारखं काम पडणार नाही."

ओतीनं नळ बंद केला. "एगोन, मी तुझ्यावर रागावलेली नाही. ऐकून घे. पण मी या घरात झोपले की मला ती घंटी ऐकू येईल, आणि तू उठायच्या आधी मी उठेन. तू उठलास तरी मी उठेन. तुझा दोष नाही त्यात."

"मग?"

"मग रविवारी येईन. जमेल तेव्हा. खाऊन जाईन."

तो मान खाली घालून कपबश्या पुसत राहिला. "फळं कुठली आणशील पुढच्या वेळी?" त्यानं विचारलं.

"असतील ती," ती म्हणाली.

ओमा डुलकी घेत होती, तिला उठवलं नाही. बसच्या थांब्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. तळ्यावर वारा उठला होता, पलीकडचा ज्वालामुखी ढगात गेला होता. मी तिला विचारलं, "थकवा गेला का गं?"

"नाही," ती म्हणाली. "तो काही आता जायचा नाही, नेल्दा. हाडात उतरलाय. पण झोप लागते."

बस आली. ती पुढच्या खिडकीशी बसली. बस वळणावर पोचायच्या आधीच तिची मान काचेला टेकलेली मला दिसली.